ड्रॉप्स की सिरप?

डी.फार्मच्या, म्हणजे फार्मसी डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. कॉलेज सुटलं की संध्याकाळी ओळखीच्या एका मेडिकलमध्ये जाऊन बसायचो, कामाला म्हणजे खोके लाव, रॅक पूस, बिलं फाड, एवढंच. मालक काका स्वतः फार्मासिस्ट, औषध द्यायचं ते त्यांनीच. 1948 च्या फार्मसी ॲक्टचं कलम 42 मी आदल्याच आठवड्यात पाठ केलं होतं, की प्रिस्क्रिप्शनवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच द्यायचं. आणि त्या दिवशी काका समोर चहाला गेले नि मी शहाणपणा केला.

मागच्या आळीतल्या एक आजीबाई आल्या, हातात जुनी चिठ्ठी, "नातवाला ताप आलाय बाळा, मागचंच औषध दे." चिठ्ठीवर पीसीएम (म्हणजे पॅरासिटामॉल, तापाचं औषध), 5 एमएल, दिवसातून तीनदा, वजन 8 किलो. मागे सिरप 125 असं काहीतरी गिचमिड होतं ते मी वाचलंच नाही. बाळ दहा महिन्यांचं, म्हटलं एवढ्याशा पोराला ड्रॉप्सच बरे, सौम्य असतील. दिले. पैसे घेतले. मनात वर कौतुक पण.

पाच मिनिटांनी खोके लावताना दोन्ही बाटल्या शेजारी आल्या. सिरपवर 5 एमएलमध्ये 125 मिग्रॅ, ड्रॉप्सवर 1 एमएलमध्ये 100. पोटात गोळाच आला. लहान बाळाच्या तोंडात थोडंसंच औषध जावं म्हणून ड्रॉप्स मुद्दाम जास्त तीव्र बनवतात, हे सरांनी फार्मास्युटिक्सच्या तासाला सांगितलं होतं आणि मी मागच्या बाकावर डुलक्या काढत होतो. पॅरासिटामॉल किलोमागे साधारण 15 मिग्रॅ, म्हणजे बाळाला 120. ड्रॉप्सचे 1.2 एमएल बास. आणि तेच चमचाभर, 5 एमएल दिले तर 500 मिग्रॅ, तेही दिवसातून तीनदा! लिव्हरचं काय झालं असतं ते आता आठवलं तरी नको वाटतं.

शटर अर्धं ओढून पळालो. घर माहीत नव्हतं, दोन दारं चुकलो. तिसऱ्यात आजी पोह्यांचा चमचा आणि सील फोडलेली बाटली घेऊन बसलेल्या, बाळ झोपलंय म्हणून उठायची वाट बघत. सोबतचा ड्रॉपर? "ते प्लास्टिकचं होय, टाकलं की कचऱ्यात."

बाटली परत घेतली, सिरप आणि मापाचं झाकण दिलं, 5 ची रेघ दाखवली. आजींना वाटलं मी महागाचं औषध देऊन फसवत होतो, उरलेले पैसे मोजून घेतले.

काका ओरडले नाहीत. खोक्याचा पुठ्ठा पुढे सरकवला, 4 किलो, 6 किलो, 12 किलो, दोन्ही बाटल्यांचे डोस काढ म्हणाले. 6 किलोचं ड्रॉप्सचं गणित दोनदा चुकलं.

आजी अजून येतात. काउंटरवर आल्या आल्या विचारतात, "थेंबवालं देतोयस का झाकणवालं?"