तुम्ही विचारलंत म्हणून: लिव्हरपूलच्या प्रशिक्षकाची पंचाईत कोल्हापुरात कशाला?

हा प्रश्न मला बँकेतल्या सहकाऱ्यांनी विचारला आहे, सोयरिकीच्या बैठकीत शेजारी बसलेल्या पाहुण्यांनी विचारला आहे आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी, माझे तोंड उघडे असताना, विचारला आहे: "लिव्हरपूलचा पुढचा प्रशिक्षक कोण व्हावा यावर तुम्ही माणसं रात्र रात्र भांडता, तिथं तुमचं कोण ऐकतं?" कोणीही ऐकत नाही. तो निर्णय बोस्टनमधली मालक कंपनी आणि तिने नेमलेले अधिकारी घेतात, आणि कोल्हापुरापासून सात हजारांहून अधिक किलोमीटरवर असलेल्या त्या इंग्लिश फुटबॉल क्लबाला मिरजकर तिकटीवरच्या चहाच्या गाड्यापाशी काय ठरले याची गंधवार्ताही नसते. आजवर मी "आवड असते एकेकाची" म्हणून वेळ मारून नेत आलो. पण ते उत्तर खरे नव्हते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी एका शब्दाचा खुलासा करायला हवा, कारण आमच्या घरी त्यावरूनच घोळ होतो. इंग्लंडमध्ये ज्याला मॅनेजर म्हणतात तो संघ निवडतो, डावपेच आखतो आणि पूर्वीच्या काळी तर कोणता खेळाडू विकत घ्यायचा हेही तोच ठरवी. आमच्या पेठेतल्या संघाचा मॅनेजर म्हणजे जर्सी धुऊन आणणारा, केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, नोंदणीचे कागद सांभाळणारा आणि मध्यंतरात बाटल्या घेऊन धावणारा माणूस. त्यामुळे मॅनेजर बदलला म्हणून मी जेवण टाकून उठलो, तेव्हा "जर्सी धुवायला दुसरा कोणी मिळेल की" असे आईने अगदी मनापासून सांगितले होते.

तो दिवस २६ जानेवारी २०२४ चा. प्रजासत्ताक दिनाच्या कोल्हापुरी रिवाजाप्रमाणे घरात जिलेबी आलेली होती, आणि दुपारी चारच्या सुमारास बातमी आली की युर्गन क्लॉप हंगामाच्या शेवटी लिव्हरपूल सोडणार आहे. २०१५ च्या ऑक्टोबरपासून तो तिथे होता. त्याच्या काळात २०१९ चा चॅम्पियन्स लीग हा युरोपातल्या क्लबांचा चषक आला आणि २०२० मध्ये तीस वर्षांनंतर इंग्लंडच्या लीगचे विजेतेपद आले. आपल्यातली ऊर्जा संपत चालली आहे, असे त्याने स्वतःच सांगितले. संध्याकाळपर्यंत आम्ही चौघे जमलो: उद्यमनगरात लेथ चालवणारे माझे एक मित्र, शाळेत गणित शिकवणाऱ्या त्यांच्या वहिनी, माझा अभियांत्रिकी शिकणारा पुतण्या आणि मी. त्या संध्याकाळी सुरू झालेला वाद एप्रिल संपेपर्यंत चालला.

मी पहिल्या मिनिटापासून शाबी अलोन्सोच्या बाजूने होतो, आणि माझ्याकडे कारणे भरपूर होती. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने बायर लेव्हरकुझेन या जर्मन क्लबाची सूत्रे घेतली तेव्हा तो संघ तळापासून दुसरा होता; आता तोच संघ बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या लीगमध्ये, एकही सामना न हरता आघाडीवर होता. ही कारणे खोटी नव्हती. परंतु पुतण्याने एकदा मला विचारले की लेव्हरकुझेनचे किती सामने तुम्ही पूर्ण पाहिलेत, तेव्हा मला दोन म्हणावे लागले, आणि त्यातल्या एकात मला मध्यंतरानंतर झोप लागली होती. माझे खरे कारण २००५ च्या मे महिन्यातले होते. चॅम्पियन्स लीगच्या इस्तंबूलमधल्या अंतिम सामन्यात मिलानविरुद्ध लिव्हरपूल मध्यंतराला तीन गोलांनी मागे होते. नंतर तिसरा गोल ज्याने केला, म्हणजे पेनल्टी गोलरक्षकाने अडवल्यावर परत आलेला चेंडू ज्याने जाळ्याच्या छपरात मारला, तो अलोन्सो. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि मी दूरचित्रवाणीचा आवाज बंद ठेवून, घरातली माणसे जागी होऊ नयेत म्हणून उशी तोंडात धरून ओरडलो होतो. अलोन्सो पाच हंगाम आमच्याकडे खेळला होता. तो आपला माणूस होता, आणि माझ्या मते एवढे पुरे होते.

पुतण्याचे म्हणणे निराळे होते. तो म्हणाला, "काका, आपला माणूस म्हणून कशाला बघालायसा? ह्या पोरांना कोणता खेळ जमतोय ते बघा." क्लॉपने हा संघ चार बचावपटूंच्या रचनेवर उभा केला होता, अलोन्सो आणि पोर्तुगालच्या स्पोर्टिंगचे रुबेन आमोरिम, ज्यांच्या नावाचीही त्या वसंतात बरीच चर्चा होती, ते दोघेही मागे तिघांना घेऊन खेळवत. मग व्हॅन डाइक, सालाह, अलेक्झांडर-आर्नोल्ड यांना नव्याने सारे शिकवायचे आणि त्यात एक-दोन हंगाम घालवायचे, हे कशासाठी? त्याने फेयेनूर्डच्या आर्ने स्लॉटचे नाव काढले, ज्याने २०२३ मध्ये त्या संघाला डच लीग जिंकून दिली होती आणि ज्याचा संघ क्लॉपच्या संघासारखाच उंच चढून दाब टाकत असे. गणिताच्या वहिनींनी आणखी जुनी गोष्ट काढली. क्लॉपला आणले तेव्हाही गुणतक्ता त्याच्या बाजूने नव्हता. डॉर्टमुंड या त्याच्या आधीच्या जर्मन क्लबातल्या शेवटच्या हंगामात संघ २०१५ च्या फेब्रुवारीत चक्क तळाला होता आणि अखेर सातवा आला. लिव्हरपूलच्या संशोधन विभागाने मात्र त्या संघाने किती संधी निर्माण केल्या आणि किती दिल्या याचा हिशेब मांडला आणि तो संघ वाईट खेळलेला नसून दुर्दैवी ठरला आहे, असा निष्कर्ष काढला होता. "तक्ता बघून माणूस घेतला असता तर तुमचा क्लॉपच आला नसता," असे त्या म्हणाल्या, आणि मित्राने, जो तोवर कोणत्याच बाजूने नव्हता, चहाचे पैसे देऊन विषय बदलायचा प्रयत्न केला.

मार्चच्या अखेरीस अलोन्सोने लेव्हरकुझेनमध्येच राहण्याचा निर्णय जाहीर केला. मला तो वैयक्तिक अपमान वाटला, हे आता हसू येण्यासारखे आहे. मे महिन्यात स्लॉटची नेमणूक झाली, आणि तीही 'मॅनेजर' म्हणून नव्हे तर 'मुख्य प्रशिक्षक' म्हणून. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा कारभार क्लबाने वेगळ्या अधिकाऱ्यांकडे दिला होता. तीन महिने ज्या पदावर आम्ही माणूस बसवत होतो ते पदच क्लबाने बदलून टाकले होते. शेवटच्या सामन्यानंतर क्लॉपने मैदानात उभे राहून स्वतः स्लॉटच्या नावाचा गजर प्रेक्षकांकडून करून घेतला. एखादा वस्ताद आखाड्याची माती नव्या वस्तादाच्या कपाळाला लावतो तसेच मला ते दिसले. पण अलोन्सो नाही तो नाही, असे म्हणून मी रुसूनच राहिलो.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. त्या उन्हाळ्यात संघात लगेच खेळणारा असा एकच नवा खेळाडू, कियेसा, आला. मधल्या फळीसाठी हवा असलेला सुबिमेंदी आला नाही, तेव्हा स्लॉटने आधीपासून संघात असलेल्या ग्राव्हेनबर्खला त्या जागी उभे केले, आणि तोच हंगामाचा कणा ठरला. २७ एप्रिल २०२५ च्या रात्री टॉटनहॅमला ५–१ हरवून, चार सामने शिल्लक असताना, लिव्हरपूलने विसावे लीग विजेतेपद मिळवले. पुतण्या एक शब्दही बोलला नाही. त्याने फक्त माझ्या बशीत एक जादा भजे ठेवले.

मी चुकलो होतो, आणि चुकण्याचे कारण शोधताना मला माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर सापडले. 'आपला माणूस' ही मोजपट्टी मी लिव्हरपूलहून आणलेली नव्हती, ती पेठेतून तिथे नेली होती. कोल्हापुरात संघ तालमींचे आहेत: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, आणि तालीम हे नाव नसलेले शिवाजी तरुण मंडळ किंवा प्रॅक्टिस क्लबसुद्धा आपापल्या गल्लीचेच. मी तरुणपणी अशाच एका संघाच्या दुय्यम फळीत डाव्या बगलेने धावत असे, गुडघा जाईपर्यंत. अशा संघाच्या प्रशिक्षकाला डावपेच किती येतात हा दुसरा प्रश्न असतो. पहिला प्रश्न असा, की शिरोलीच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असलेल्या मुलाची पाळी बदलून द्यायला मालकाकडे कोण जाणार, बापाने फुटबॉल बंद केलेल्या पोराच्या घरी जाऊन चहा पीत बसणार कोण, आणि शाहू स्टेडियमवर चारचा सामना असताना बचावपटू साखरपुड्याला निघाला तर त्याला मोटारसायकलवरून उचलून आणणार कोण. हे काम परक्याला जमत नाही. त्याला गल्लीतला, सर्वांच्या घरात पाय असलेला माणूसच लागतो. म्हणजे मोजपट्टी खोटी नव्हती, मी ती भलत्या मैदानावर लावली होती. अँफिल्डवर, म्हणजे लिव्हरपूलच्या मैदानावर, खेळाडूला घरातून उचलून आणावे लागत नाही.

उरलेले अर्धे उत्तर मला सांगायला थोडे जड जाते. आम्ही लिव्हरपूलवर इतके भांडतो त्याचे एक कारण असे आहे की पेठेच्या संघावर आम्हाला भांडता येत नाही. शेजारच्या पेठेच्या संघावर आम्ही हवे ते बोलतो, हलगीच्या तालावर बोलतो. परंतु आपल्या संघाचा प्रशिक्षक बदलावा, असे उघड म्हणण्याची सोय नसते. तसे म्हटले तर दुसऱ्या दिवशी कपिलतीर्थ मंडईत त्याची आई भेटते, आणि ती भाजी निवडता निवडता काही बोलत नाही, तेच फार बोलणे असते. काही वर्षांपूर्वी एका पराभवानंतर मी स्टँडमध्ये मोठ्याने म्हणालो की शेवटची वीस मिनिटे दमलेला मध्यरक्षक काढला असता तर सामना वाचला असता. वाक्य साधेच होते, बहुधा बरोबरही होते. दोन पायऱ्या खाली प्रशिक्षकाचे मोठे बंधू बसले होते. ते वळले आणि म्हणाले, "काढला असता की. पण त्येचं पोरगं आलं होतं बघायला." त्यावर मला उत्तर सुचले नाही आणि आजही सुचलेले नाही.

लिव्हरपूल दूर आहे म्हणून तिथे आम्ही मोकळे असतो. खेळाडू का बदलला नाही, बचावाची रेषा इतकी वर का, याला ठेवा, त्याला हाकला, हे सगळे आम्ही निर्धास्तपणे बोलतो, कारण आमच्या बोलण्याने कोणाच्या घरी चूल बंद होत नाही. या मोकळेपणाचा फायदा मी नाकारत नाही. खेळाकडे बारकाईने पाहायला मी पेठेत शिकलो नाही, या वादांत शिकलो, कारण पुतण्यासमोर पुरावा नसलेले वाक्य टिकत नाही.

पण त्याच अंतराने माणूस निर्दयही होतो, हे २०२५ च्या शरदात दिसले. विजेते लिव्हरपूल लीगमध्ये सलग चार सामने हरले, आणि ज्या मित्रांनी तीन महिन्यांच्या वादात तोंड उघडले नव्हते तेच आता रोज सकाळी नवा प्रशिक्षक सुचवू लागले. पुतण्याही डळमळला. उन्हाळ्यात वीर्ट्झ, इसाक, एकिटिके अशी मोठमोठ्या किमतींची माणसे आणली, तरी बचाव उघडा का पडतो, हा त्याचा प्रश्न रास्त होता. मी मात्र, ज्याने स्लॉट नको म्हणून एक वसंत घालवला होता, आता स्लॉटच्याच बाजूने बोलत होतो. ३ जुलैला लिव्हरपूलचा खेळाडू दिओगो जोटा आणि त्याचा भाऊ मोटार अपघातात गेले होते. ज्या मुलांनी त्याची शवपेटी पाहिली ती मुले पाच आठवड्यांत मैदानावर उतरली होती. हे सांगितल्यावर मित्र म्हणाला, दुःखाने ऑफसाइडची रेषा चुकते का? मला वाटते, चुकते. पण हे मला गुणतक्त्यावरून सिद्ध करता येत नव्हते, आणि वहिनींनीही या वेळी आकडा काढला नाही.

तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर हे. तिथे आमचे कोणी ऐकत नाही, हीच तिथली सोय आहे.

या हंगामानंतर आमच्या संघाच्या जुन्या प्रशिक्षकांनी वयाचे कारण सांगून आपण होऊन निरोप घेतला. मंडळाच्या खोलीत बैठक झाली, नवे नाव आले, ते गल्लीतलेच होते, आणि पंधरा मिनिटांत नारळ फुटला. आम्ही चौघेही तिथे हजर होतो. "कुणाला काही बोलायचं असेल तर बोला," असे अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारले, आणि चौघांनीही माना हलवल्या. पेढा खाऊन आम्ही खाली उतरलो, रस्ता ओलांडला, तिकटीच्या पलीकडे आलो, तेव्हा कुठे पुतण्याने मागे वळून एकदा पाहिले आणि आवाज खाली आणून विचारले, "काका, खरं सांगा, तुम्हाला पटलं?"