लॅपटॉप की पेनड्राइव्ह? डीजेचं सामान घेतानाचा माझा अनुभव

आठवडाभर नोकरी, शुक्रवारी रात्री बाणेरमधल्या एका लाउंजमध्ये तीन तास, आणि लग्नसराईत हळदी-संगीताच्या सुपाऱ्या, असं माझं चालतं. त्यामुळे सामान घ्यायचं ठरवलं तेव्हा ते तीन ठिकाणी चालायला हवं होतं: शेजाऱ्यांची भिंत लागून असलेल्या फ्लॅटमध्ये, लाउंजच्या बूथमध्ये आणि वाकड-हिंजवडीकडच्या लॉनवर, जिथे वीज कधी महावितरणची असते, कधी जनरेटरची. "डीजे घेतोय" म्हटल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला तो असा: "आणि टेम्पो कुठे लावणारेस?"

दुकानात गेलं की सगळे आधी कंट्रोलर दाखवतात, म्हणजे लॅपटॉपमधली गाणी हाताने वाजवायचं यंत्र. जॉग व्हील (हाताने फिरवायची चकती) केवढं, पॅड किती, लाइटा कशा लागतात. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांपासून ऑनलाइनपर्यंत सगळीकडे तेच. एका दुकानात तर चार चॅनलचा मोठा कंट्रोलर गळ्यात मारायचा इतका आटापिटा चालला होता, की मी कुठे वाजवतो हे कुणी विचारलंच नाही. ते विचारलं लाउंजच्या रेसिडेंट डीजेने. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. तो म्हणाला, "तू जिथे वाजवणार तिथल्या टेबलावर काय आहे ते आधी बघून ये. मग मला फोन कर."

टेबलावर दोन सीडीजे-२०००एनएक्सएस२, म्हणजे लॅपटॉपशिवाय गाणी वाजवणारी यंत्रं, होती आणि मधे डीजेएम-९००एनएक्सएस२ मिक्सर. बऱ्याच क्लबांत हेच किंवा याच्या पुढचं सीडीजे-३००० दिसतं. नावात सीडी असली तरी सीडी कुणी लावत नाही. पेनड्राइव्ह खोचायचा आणि वाजवायचं. पेनड्राइव्ह तयार करायला लागतं रेकॉर्डबॉक्स. पायोनियरने २००९ साली सीडीजे-२००० बरोबर हे सॉफ्टवेअर आणलं आणि क्लबवाल्यांचं लॅपटॉपचं ओझं पुष्कळ कमी झालं. (ती कंपनी आता अल्फाथीटा या नावाने ओळखली जाते, पण बूथमध्ये अजून सगळे पायोनियरच म्हणतात.)

दादाची पिढी वेगळी. त्याने सुरुवात केली ती टाइमकोडवर. रेकॉर्डवर गाण्याऐवजी एक खुणेचा आवाज कोरलेला असतो. सुई तो वाचते आणि लॅपटॉपमधलं गाणं त्या हाताच्या हालचालीप्रमाणे पुढेमागे होतं. सेराटोने २००४ मध्ये रेन कंपनीच्या बॉक्सबरोबर स्क्रॅच लाइव्ह आणलं ते याच पद्धतीचं. दादा अजून सेराटोच वापरतो आणि त्यातून हलणार नाही. स्क्रॅचिंग करणाऱ्याने हलूही नये. मला स्क्रॅचिंग येत नाही आणि शिकायचंही नाही, त्यामुळे तो रस्ता मी सोडून दिला.

तरी एकदम रेकॉर्डबॉक्सवर उडी मारली नाही. सेराटो, रेकॉर्डबॉक्स, ट्रॅक्टर आणि व्हर्च्युअल डीजे ही चारही सॉफ्टवेअर घरच्या लॅपटॉपवर उतरवली आणि रोजच्या वाजवण्यातलीच गाणी प्रत्येकात टाकून पाहिली.

सेराटोचा पडदा सगळ्यात स्वच्छ. दोन गाण्यांच्या लहरी शेजारीशेजारी, बाकी पसारा नाही. शिवाय तुम्ही मारलेल्या क्यूच्या खुणा (गाणं नेमकं कुठून सुरू करायचं त्या) ते गाण्याच्या फाइलमध्येच, टॅगमध्ये लिहून ठेवतं. फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर नेली की खुणा बरोबर जातात. रेकॉर्डबॉक्स तसं करत नाही. ते सगळं आपल्या डेटाबेसात ठेवतं, म्हणून त्याचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचं ट्रॅक्टर टेक्नो-हाउसवाल्यांचं लाडकं, आणि त्यातले इफेक्ट खरंच सुंदर आहेत. पण हळदीला मला इफेक्ट नको असतात, काकूंनी मागितलेलं गाणं दहा सेकंदांत सापडायला हवं असतं. या कामात व्हर्च्युअल डीजेचा हात कुणी धरू शकत नाही. लग्नाच्या धंद्यातली बरीच मंडळी त्यावर आहेत ती उगाच नाही: कुठलाही कंट्रोलर चालतो, व्हिडिओ चालतो, शोध झटपट. क्लबवाले त्याला नाकं मुरडतात, ते मला पटत नाही. घरगुती वापराला ते फुकट आहे. कंट्रोलर जोडून धंदा करायचा तर मात्र लायसन्स घ्यावं लागतं.

खरा कस लागला तो बीटग्रिडमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर गाण्याच्या ठोक्यांवर आखतं त्या जाळीत. हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण परदेशी यूट्यूबवाल्यांच्या तुलनांमध्ये तो येतच नाही. त्यांची गाणी कॉम्प्युटरवर बनलेली असतात. मिनिटाला एकशे चोवीस ठोके म्हणजे पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकशे चोवीस. आपल्याकडे जुन्या सिनेमाचं गाणं घ्या. समोर अख्खा वाद्यवृंद बसून वाजवलेलं, ढोलकीवाला अंतऱ्यात अंगात आल्यासारखा पुढे सरकलेला. सॉफ्टवेअर सुरुवातीच्या ठोक्यांवरून जाळी आखतं आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत ती जाळी ठोक्यापासून पाऊण बीट लांब गेलेली असते. अशा वेळी दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणारं सिंकचं बटण दाबलं की दोन गाणी एकमेकांच्या पायात पाय घालतात. रेकॉर्डबॉक्समध्ये विश्लेषणाचे दोन प्रकार आहेत, नॉर्मल आणि डायनॅमिक. जुन्या गाण्यांना डायनॅमिक लावलं की जाळी गाण्याच्या चालीबरोबर वळते. तरी दर वेळी जमतंच असं नाही. सेराटोमध्ये मधेमधे हाताने खुणा मारून जाळी वाकवता येते. काम किचकट, पण निकाल चांगला.

कोळीगीतांचं दुखणं आणखी वेगळं. त्यांची चाल सहा मात्रांची, आणि ही सगळी सॉफ्टवेअर चाराच्या हिशोबाने मोजतात. पडद्यावर आकडा येतो तो कधी खऱ्या लयीच्या दीडपट, कधी दुसराच काहीतरी. कोळीगीताला साध्या हाउसच्या ठोक्यावर सिंक करून पाहा, घोडा लंगडतोय असं वाटेल. यावर मला कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये इलाज सापडला नाही. मी अशा गाण्यांची वेगळी प्लेलिस्ट ठेवली आहे, तिच्यात सिंक बंद, आणि एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना मुखडा संपला की सरळ कट. लोक आधीच नाचत असतात, मिक्सचं कौतुक कुणाला असतं!

दुप्पट-निम्म्याचा घोळ त्यामानाने सोपा. सत्तरचं गाणं एकशे चाळीस दाखवलं तर सेटिंगमध्ये बीपीएमची (मिनिटाला किती ठोके याची) कक्षा ठरवून द्यायची किंवा हाताने निम्मं करायचं.

शेवटी रेकॉर्डबॉक्स घेतलं, आणि मुख्य कारण ते लाउंजमधलं टेबल. त्याचा पडदा मला आजही गचाळ वाटतो, आणि हजारभर गाण्यांचं विश्लेषण लावलं की लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा ओरडतो, स्वयंपाकघरातल्या मिक्सरसारखा. पण घरी ज्या लायब्ररीवर सराव करतो तीच पेनड्राइव्हवर जाते, खुणा, जाळी, प्लेलिस्ट सगळ्यासकट. २०२० मध्ये सहावी आवृत्ती आली तेव्हापासून त्यात महिन्याच्या वर्गणीचं प्रकरण सुरू झालं, म्हणून बरेच जण बिचकतात. पेनड्राइव्ह तयार करायला वर्गणी लागत नाही. ठरावीक कंट्रोलर जोडले तर लॅपटॉपवरून वाजवायचा भागही फुकट उघडतो.

त्या ठरावीकांपैकीच एक डीडीजे-एफएलएक्स४ मी घेतला. दोन चॅनल, यूएसबीवरच चालणारा, रेकॉर्डबॉक्सलाही चालतो आणि सेराटो डीजे लाइटलाही, म्हणजे उद्या मन बदललं तर यंत्र वाया नाही. किंमत तेव्हा तीस-पस्तीस हजारांच्या घरात. त्याच्यावर स्मार्ट फेडर नावाचा प्रकार आहे, फेडर सरकवला की मिक्स आपोआप होतो. पुतण्याला फार आवडतो. मी हात लावत नाही.

विंडोजवाल्यांसाठी एक सूचना: कंट्रोलरचा ड्रायव्हर आधी टाका आणि मग बफर साइझ (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा तयार करतो तो आकडा) बघा. १०२४ वर ठेवलं तर बटण दाबल्यापासून आवाज येईपर्यंत २३ मिलिसेकंदांच्या आसपास नुसते बफरचेच जातात. २५६ वर ते सहाच्या खाली येतात, पण लॅपटॉप दमेकरी असेल तर आवाज तडतडतो. माझा ५१२ वर स्थिरावला. वाजवताना वायफाय बंद, अँटिव्हायरसचं स्कॅन बंद.

लाउंजच्या यंत्रांचा सराव घरी सीडीजे नसताना कसा करायचा? एका सीडीजेच्या पैशात चांगली स्कूटर येते, त्यामुळे विकत घ्यायचा प्रश्न नव्हता. दादाने दुपारी, लाउंज बंद असताना, बूथ उघडून दिला. फरक लगेच कळतो. टेम्पोचा फेडर लांब, त्यामुळे हात जास्त सरकवावा लागतो हे बोटांना पटायला वेळ लागतो. लॅपटॉपसारख्या दोन लहरी एकाखाली एक नीट दिसत नाहीत, कानावर भिस्त. आणि मिक्सरचा ट्रिम, म्हणजे मिक्सरमध्ये येणारा आवाज कमीजास्त करायची खुंटी. दादा बाजूला उभा राहून एकच वाक्य म्हणत होता: "लाल लागला की माझ्याकडे बघायचं नाही, हात खाली आणायचा." आवाज लाल दिव्यात ढकलला की मोठा होत नाही, फाटतो. पुढे स्पीकरच्या प्रोसेसरचा लिमिटर तो दाबून टाकतो आणि सगळं चपटं ऐकू येतं.

पेनड्राइव्हचे नियम त्याच दुपारी पाठ झाले. फॉरमॅट एफएटी३२ ठेवायचा, एनटीएफएस ही यंत्रं वाचत नाहीत. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वर एफएटी३२ चा पर्यायच देत नाही, त्यासाठी वेगळं साधन वापरावं लागतं. फ्लॅक फाइली (दर्जा न घटवता लहान केलेल्या) एनएक्सएस२ वर वाजतात, पण एखाद्या ठिकाणी जुनं सीडीजे-२००० निघालं तर पडद्यावर ई-८३०५ येतं आणि गाणं लोडच होत नाही. म्हणून मी सगळं ३२० च्या एमपी३ मध्ये किंवा एआयएफएफमध्ये ठेवतो. जुन्या यंत्रावर हॉट क्यूची (थेट खुणेवर उडी मारायची) बटणंही तीनच, ए-बी-सी, तर सीडीजे-३००० वर आठ. त्यामुळे महत्त्वाच्या खुणा पहिल्या तिनातच. आणि आता ओपस-क्वाडसारखी नवी यंत्रं डिव्हाइस लायब्ररी प्लस नावाचा निराळा डेटाबेस मागतात, तेव्हा एक्सपोर्ट करताना दोन्ही तयार करून ठेवलेले बरे.

दोन्ही सीडीजे लॅन केबलने जोडलेले असले की एकच पेनड्राइव्ह दोघांना पुरतो. पण त्यातही एक खुबी आहे. आपल्या आधीच्या डीजेचं शेवटचं गाणं त्याच्या पेनड्राइव्हवरून चालू असताना तो कुणी घाईत ओढून काढला, तर यंत्र चार ठोक्यांच्या इमर्जन्सी लूपमध्ये जातं आणि तेवढंच घोळत बसतं. यूएसबी स्टॉपचं बटण दाबून धरायचं, दिवा विझला की काढायचा. हा शिष्टाचार आहे, आणि गर्दीच्या रात्री तो पाळणारे कमी.

फाइलच्या दर्जाबद्दल एकच सांगतो. यूट्यूबवरून उतरवून "३२०" असं नाव दिलेलं गाणं घरच्या स्पीकरवर खपून जातं. लाउंजच्या सिस्टिमवर त्याच्या झांजा पत्र्यासारख्या वाजतात. स्पेकसारख्या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये फाइल टाकून बघा: वरची रेघ सोळा किलोहर्ट्झला कापलेली दिसली तर नाव काहीही असो, माल हलकाच.

लॉनवर हिशोब पुन्हा उलटा होतो. तिथे सीडीजे नसतात, माझा कंट्रोलर आणि लॅपटॉपच. एफएलएक्स४ मधून आवाज बाहेर काढायला फक्त आरसीएची साधी जोडणी, आणि साउंडवाल्याचा मिक्सर पंधरा-वीस मीटरवर. पहिल्याच संगीताला स्पीकरमधून हम्म असा एकसुरी आवाज. साउंडवाले काका उठले, काही न बोलता माझ्या लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढली. आवाज गेला. जनरेटरला अर्थिंग धड नव्हतं आणि चार्जरमार्फत तो गोंगाट ऑडिओत उतरत होता. तेव्हापासून ग्राउंड लिफ्टचं (अर्थची जोडणी तोडणारं) बटण असलेला दोन चॅनलचा डीआय बॉक्स, म्हणजे सिग्नल लांब केबलला जमेल असा करून देणारी डबी, बॅगेत कायम असतो: कंट्रोलरपासून बॉक्सपर्यंत छोटी आरसीए, पुढे एक्सएलआर. माइक मात्र कंट्रोलरला जोडू देत नाही. निवेदिका आणि मामा दोघांचेही माइक थेट काकांच्या मिक्सरमध्ये, शिट्टी आली तर ती त्यांनी बघावी.

आता सगळे विचारतात की लॅपटॉपच नको, सगळं एकातच असलेलं एक्सडीजे-आरएक्स३ किंवा डेननचं प्राइम ४ का घेत नाहीस? लाउंजसाठी सराव म्हणून उत्तमच. पण लॉनवर लाइट गेली आणि जनरेटर लागेपर्यंत मधे सेकंद-दोन सेकंद वीज तुटली, की अशी यंत्रं बंद पडून पहिल्यापासून चालू होतात. वरात दारात असताना पडद्यावर कंपनीचा लोगो बघत उभं राहायचं. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे आणि माझा कंट्रोलर त्याच यूएसबीवर जगतो. काकांचे अ‍ॅम्प्लिफायर परत आले की गाणं आपलं चालूच. सगळं-एकात घ्यायचं तर त्याच्याबरोबर यूपीएसही उचलून न्यायचा, आणि यूपीएस उचलणारा पोऱ्याही. एखाद्या पार्टीने तसंच यंत्र हवं म्हणून हट्ट धरला तर मी ते एका रात्रीच्या भाड्याने आणतो, यूपीएससकट, आणि दोन्हींचं भाडं बिलात वेगळं लावतो.