आमची वाटचाल: भरती बघून धंदा

आम्ही लोकांना पायी मुंबई फिरवून दाखवतो, आमच्याकडे बुकिंगला फोन आला की समोरचा पहिलं विचारतो रविवारी किती वाजता, आणि ताईचं उत्तर ठरलेलं असतं, "थांबा, भरती बघून सांगते." बरेच जण इथेच बुचकळ्यात पडतात. मुंबईत फिरायला जायचं तर ट्रॅफिक बघतात, मेगाब्लॉक बघतात, भरती कोण बघतं? पण आमचा सगळा धंदाच समुद्राच्या भरती-ओहोटीवर उभा आहे, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं हे कसं झालं ते.

आमचं मूळ काम तिकिटांचं. लालबागला छोटं दुकान, कोकणच्या गाड्या, रेल्वे रिझर्वेशन, मे महिन्यात आणि गणपतीत श्वास घ्यायला फुरसत नाही आणि बाकी वर्ष माशा मारा. मोबाईलवर अॅप आली तसं गिऱ्हाईक गळत गेलं आणि जे उरलं ते २०२० च्या लॉकडाऊनने नेलं. गाड्याच बंद, तिकीट कसलं काढणार. त्याच सुमारास भावोजी घरी बसले होते. ते डॉकमध्ये टॅली क्लार्क, म्हणजे जहाजाचा माल मोजून लिहिणारे, व्हीआरएस घेतलेली. बंदराचा कोपरा न् कोपरा त्यांना पाठ, कुठल्या गेटमधून काय दिसतं, कुठल्या धक्क्याला कधी पाणी असतं, आणि बोलायला बसले की माणूस उठत नाही. मी म्हटलं भावोजी, हे जे तुम्ही आम्हाला फुकट सांगता ते लोकांना पैसे घेऊन सांगूया. ते हसले. ताई नाही हसली, तिने दुसऱ्या दिवशी वही काढली, रेट लिहिले, आणि आजतागायत हिशोब, फोन, व्हॉट्सॅप सगळं तीच बघते. मी पुढे चालतो, भावोजी बोलतात.

फोर्ट, काळा घोडा, गेटवे इकडे आम्ही गेलोच नाही. तिकडे चांगलं काम करणारे भरपूर आहेत आणि बहुतेक इंग्रजीत. आमचा विचार साधा होता, लालबाग-परळ-शिवडी-माझगाव ही आपली पूर्वेकडची बाजू, इथे कोणी पर्यटक फिरकत नाही, आणि इथलाच माणूससुद्धा कधी बघत नाही. शिवडी स्टेशनला आयुष्य काढलेल्या माणसाला शिवडीचा किल्ला माहीत नसतो हो! स्टेशनपासून चालत जाता येतो. इंग्रजांनी १६८० मध्ये बांधला, पुढे १६८९ ला सिद्दीने घेतलाही होता. वर उभं राहिलं की समोर सगळी खाडी, चिखल, खारफुटी आणि आता तो अटल सेतू.

तर पहिल्या वॉक तिथेच, कारण फ्लेमिंगो. रोहित पक्षी. नोव्हेंबरनंतर येतात आणि मे संपेपर्यंत, कधी पाऊस लागेपर्यंतसुद्धा असतात. आणि इथे भरतीचा मुद्दा आला. लोक पत्ता शोधत शिवडी जेट्टीला येतात, दुपारी ओहोटीला, आणि लांबवर कुठेतरी गुलाबी रेघ दिसते, झूम करून करून फोटो काढतात आणि वैतागून जातात. ओहोटीला पक्षी चिखलात पार आत गेलेले असतात. पाणी चढायला लागलं की जसजसा चिखल बुडतो तसे ते काठाकडे सरकतात, मग डोळ्यांनीसुद्धा मस्त दिसतात, चोच उलटी करून चिखल गाळताना दिसतात. पूर्ण भरती झाली की उभं राहायला जागा नाही म्हणून उडून जातात. म्हणजे हातात येतात ते भरतीच्या आधीचे नि नंतरचे थोडे तास.

भरतीची वेळ काढायचं गणित आम्हाला शिवडी कोळीवाड्यातल्या एका काकांनी सांगितलं. तिथीला पाऊणने गुणायचं, जेवढे येतील तेवढ्या वाजता भरती. एकादशी असेल तर अकरा पाऊण सव्वाआठ, म्हणजे सकाळी सव्वाआठला आणि रात्रीही तेवढ्यालाच साधारण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला गणिताने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात दुपारी बाराच्या आत-बाहेर. शुक्ल असो वा कृष्ण, पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. आम्ही अर्थात छापील टाइड टेबलही बघतो, जीवाशी खेळ नाही, पण गंमत म्हणजे फरक पडला तर अर्धा-पाऊण तासाचा पडतो. लहान मुलांना हे करून दाखवलं की धमाल येते, पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, त्यांच्या आईबापांनाही येत नाही, मग एखाद्या आजी ग्रुपमध्ये असतात त्या घडाघडा म्हणून दाखवतात आणि त्या दिवसाच्या हिरोईन त्याच.

पण मग कॅलेंडरची बोंब झाली. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, रविवार काही सरकत नाही. एखाद्या रविवारी सकाळी सातला मस्त पाणी, पुढच्या रविवारी त्याच वेळेला नुसता चिखल. टूरवाल्याला फिक्स टाइमटेबल हवं असतं, ऑनलाइन बुकिंगवाल्या साइटला तर हवंच हवं, "दर रविवारी सकाळी सात" असं टाकल्याशिवाय त्यांचा फॉर्मच पुढे जात नाही. आम्ही त्यांचा नाद सोडला. दर महिन्याला पंचांग आणि टाइड टेबल घेऊन बसायचं, आणि ज्या दिवशी जे जमतं ते ठेवायचं, हीच आमची पद्धत झाली. त्यातूनच बाकीच्या वॉक सुचत गेल्या खरं तर. भरती आहे तर शिवडी. खूप ओहोटी आहे तर खडकाळ किनारा. दोन्ही नाही, भांगाचं पाणी आहे, म्हणजे पाणी फार चढतही नाही नि उतरतही नाही, तर मग किल्ले आणि टेकड्या, त्यांना पाण्याशी घेणंदेणं नाही.

खडकाळ किनाऱ्याचं सांगतो. पौर्णिमा-अमावस्येला आणि त्यानंतर एक-दोन दिवस पाणी जे मागे जातं ते इतकं की हाजी अली, ब्रीच कँडी, कार्टर रोड इथले एरवी कधीच न दिसणारे खडक उघडे पडतात. वेळ साधारण सकाळी सहा किंवा संध्याकाळी सहाच्या आसपास. खडकातल्या डबक्यांत काय नसतं! शंख घेऊन पळणारे खेकडे, समुद्रफुलं, हिरव्या गालिच्यासारखे पसरलेले झोअँथिड नावाचे समुद्री जीव, गोगलगाईचे नाना प्रकार, नशीब असलं तर छोटा ऑक्टोपस. मुंबईच्या समुद्रात कचऱ्याशिवाय काही नाही असं ठामपणे म्हणणारे लोक तिथे तासभर उकिडवे बसलेले मी पाहिलेत. आणि हो, कोरलसुद्धा आहे. कोस्टल रोडचं काम निघालं तेव्हा वरळी आणि हाजी अलीकडचं कोरल उचलून दुसरीकडे लावलं होतं, २०२० ची गोष्ट. इथे आमचे नियम कडक आहेत. काहीही उचलायचं नाही, रिकामा शंखसुद्धा नाही, कारण तो उद्या कुठल्यातरी खेकड्याचं घर. शंकूच्या आकाराच्या गोगलगाईला तर हात लावायचाच नाही, विषारी असते. शेवाळावर स्लीपर चालत नाही, बूटच हवेत. आणि पाणी वळलं की वॉक संपली, मग कोणाचा फोटो राहिलेला असो नाहीतर रील. समुद्र मागून गुपचूप भरतो, तुम्ही खाली बघत असता.

किल्ल्यांमध्ये आमचा लाडका म्हणजे धारावीचा काळा किल्ला. काळा किल्ला हे नाव बसच्या पाटीवर सगळ्यांनी वाचलेलं असतं, बेस्टचा डेपो आहे, पण किल्ला खरंच आहे हे विचारलं तर दहातले नऊ नाही म्हणतात. डेपोच्या मागे, वस्तीने वेढलेला, एवढासा. आत जायला धड वाट नाही, म्हणून आम्ही पंधराच्या वर माणसं घेतच नाही, आणि गल्लीत शिरण्याआधी सगळ्यांना सांगतो की ही लोकांची घरं आहेत, खिडकीत कॅमेरे घालायचे नाहीत. भिंतीवर दगडी पाटी आहे, गव्हर्नर जॉन हॉर्न, साल १७३७. आता हे साल आपल्या माणसाला सांगितलं की डोळे चमकतात, कारण त्याच १७३७ ला मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणं आणि साष्टी घ्यायला सुरुवात केली, दोन वर्षांत चिमाजी अप्पांनी वसई घेतली. म्हणजे माहीमच्या खाडीपलीकडे मराठे येऊन बसतायत आणि अलीकडे इंग्रज घाईघाईने चौकी पक्की करतायत! शाळेत हे दोन वेगवेगळ्या धड्यांत शिकवतात, तिथे उभं राहिलं की एकाच खाडीत दिसतं. त्याला जोडून आम्ही जवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान करतो. मिठीच्या काठावर कचऱ्याचा डोंगर होता, त्यावर झाडं लावून जंगल केलंय, १९९४ पासून लोकांना खुलं. पावसाळ्यानंतर फुलपाखरं बघायला जा, धारावी-वांद्र्याच्या मध्ये आहोत हे विसरायला होतं.

माझगावला भावोजींना आवरावं लागतं, त्यांचं होमपिच. भंडारवाडा टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे, खरं म्हणजे ते पाण्याच्या टाकीच्या वर आहे, १८८४ चा जलाशय, तुम्ही ज्या हिरवळीवर बसलात तिच्याखाली पाणी. त्याआधी तिथे माझगावचा किल्ला होता, तोही गेला. डॉकयार्ड रोड स्टेशनच्या अगदी डोक्यावर, वरून गोदी, जहाजं, क्रेन सगळं दिसतं, तिकीट शून्य. काका बाप्टिस्टा टिळकांचे सहकारी, होमरूल लीगचे अध्यक्ष, १९२५ ला मुंबईचे महापौर, आणि माणूस इथलाच, खाली माथारपाखाडीतला. त्या गावठाणातल्या लाकडी घरांच्या गल्लीतून चालताना भावोजी आवाज खाली आणतात, हे विशेष.

गिल्बर्ट हिल, जोगेश्वरीची लेणी, वर्सोव्याहून फेरीबोटीने मढ, हेही करतो, पण मागणी आली तर. गिल्बर्ट हिलला जायलाच हवं एकदा, अंधेरीत बिल्डिंगांच्या मधोमध दोनशे फूट काळा खडक सरळ उभा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, वर गावदेवीचं देऊळ. पण आमच्या इथून अंधेरीला पोचेपर्यंत माणसं अर्धी दमतात.

पैशाचं खरं सांगायचं तर वॉकवर घर चालत नाही. चालवतात त्या कंपन्यांच्या टीम आउटिंग आणि शाळा. शाळा वेळेवर देतात, कंपन्यांचं काही सांगता येत नाही, एका मोठ्या कंपनीने आमचं बिल इतके महिने फिरवलं की ताई त्यांच्या अकाउंट्सवाल्या मुलीची मैत्रीणच झाली, आता त्या दोघी एकमेकींना दिवाळीचे मेसेज करतात. तेव्हापासून अर्धे अॅडव्हान्स, अपवाद नाही. कंपनीवाले वेळेबाबतही हटून बसतात, आम्हाला शुक्रवारी चारच हवेत म्हणतात, मग मी सांगतो साहेब चारला फ्लेमिंगो नाहीत, चारला किल्ला देतो. बहुतेक ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांना सोडून देतो, नुसता चिखल दाखवून पैसे घेणं बरं दिसत नाही.

धक्का मोठा बसला तो शिवडीतच. सेतूचं काम सुरू असताना जेट्टीकडे जाणं अवघड झालं, पक्षीही तिथून कमी झाले, ऐरोली, भांडुप, सीवूड्सकडे जास्त दिसायला लागले. आमची ज्याच्यावर सुरुवात झाली तीच वॉक डळमळली. जानेवारी २०२४ ला पूल सुरू झाला, आता शिवडीला पक्षी येतात पण आम्ही आधीसारखी खात्री देत नाही, स्पष्ट सांगतो. त्याऐवजी सीझनमध्ये माणसं ऐरोलीला नेतो, तिथे वनखात्याची बोट आहे, ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसार यादीतही आहे. ती बोटसुद्धा भरतीवरच सुटते, त्यामुळे आमचं काही बिघडलं नाही, उलट बोटीच्या वेळा बघून चक्रावलेल्या लोकांना आम्हीच समजावतो.

पावसाळ्यात दुकान जवळजवळ बंद. साडेचार मीटरच्या वरची भरती असली की पालिकाच इशारा देते, त्या दिवशी समुद्राजवळ ग्रुप नाही म्हणजे नाही. जून-जुलै मासेमारीही बंद, तेव्हा बोटी शाकारतात, जाळी शिवतात, आम्ही वह्या शिवतो म्हणा. १ ऑगस्टला बोटी सुटल्या की आठवडाभराने भाऊच्या धक्क्यावर पहाटेचा लिलाव बघायला छोटा ग्रुप नेतो, चार-पाचच जण, कारण तिथे लोक कामात असतात, पाटीवाली बाई तुम्हाला बाजूला हो म्हणणार नाही, सरळ धक्का देणार.

यंदापासून नवीन आहे ती मोऱ्याची लाँच. भाऊच्या धक्क्याहून उरणच्या मोरा बंदराला रोजची प्रवासी लाँच जाते, नोकरदार, भाजीवाल्या, सगळे असतात. वाटेत जवाहर द्वीप, तेलाच्या टाक्या, नांगरून पडलेली जहाजं, लांबून घारापुरी, म्हणजे अख्खं बंदर साध्या तिकिटात बघून होतं. फक्त मोऱ्याला गाळ साचतो, ओहोटी जास्त असली की लाँच लागत नाही, सेवा काही तास बंदच ठेवतात. तेव्हा इथेही वेळ पंचांगाचीच. पुढच्या महिन्याचं वेळापत्रक ताई पौर्णिमेनंतर टाकेल. ज्यांना बोट लागते त्यांनी बुकिंग करतानाच सांगा, आल्याच्या वड्या भावोजी घेऊन येतात पण सगळ्यांना पुरत नाहीत.