आखाजीची आगारी आणि भरलेली डिस्क

आमच्याकडे आखाजीला घागर भरतात. मातीच्या घागरीवर छोटं भांडं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, बाजूला सांजोऱ्या. विस्तवावर आगारी, म्हणजे पितरांच्या नावाचा घास, टाकल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही, आणि वडील गेल्यापासून ती टाकायची मी. आता आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, म्हणजे सोनंखरेदी, म्हणजे आमच्या टीमकडच्या दागिन्यांच्या साइटचा वर्षातला सगळ्यात जड दिवस. पुणं सोडून अंमळनेरला घरून काम करायला लागलो तेव्हा हे गणित डोक्यात आलंच नव्हतं.

साडेअकराला क्लायंटने सगळ्या गिऱ्हाइकांना एकदम ऑफरचा मेसेज टाकला. दहा मिनिटांत माझा फोन कोकलायला लागला. साइटवर 504, म्हणजे सर्व्हरचं उत्तर वेळेत येतच नाही. सीपीयू निवांत, मेमरी निवांत, डेटाबेसची कनेक्शनं मात्र गच्च. मायएसक्यूएलची, म्हणजे आमच्या डेटाबेसची, मूळ मर्यादा 151, आम्ही 800 केलेली, तीही संपली. डिस्क बघितली: 100 टक्के.

आदल्या रात्री कुणीतरी एक चूक शोधायला जनरल लॉग चालू केला होता. तो येणारी एकूण एक क्वेरी लिहून ठेवतो. बंद करायचा राहिला. (कुणीतरी म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. रात्री अडीचला असले प्रताप मीही केलेत.) 210 जीबीची फाइल! घाईत डिलीट केली, परत बघितलं. 100 टक्केच.

नव्या पोरांना मीच हे शिकवतो आणि मीच फसलो. लिनक्समध्ये फाइल डिलीट केली की नुसतं नाव जातं. एखाद्या प्रोसेसने ती उघडी धरली असेल तर जागा सुटत नाही. रेशनकार्डावरून नाव कमी केलं, पण माणूस ओट्यावरच बसलेला, तसं. रीस्टार्ट मारावा तर भर गर्दीत डेटाबेस कधी उठेल याचा भरवसा नाही. मग 'एलसॉफ' या उघड्या फाइली दाखवणाऱ्या कमांडने डिलीट झालेल्या पण उघड्या फाइली काढल्या, चालू प्रोसेसची माहिती असते त्या 'प्रॉक' फोल्डरमधून ती लॉगची फाइल गाठली आणि तिथूनच शून्यावर आणली. डिस्क 58 टक्के. पहिल्यांदा श्वास घेतला.

तरी साइट उठेना. डिस्क भरली की मायएसक्यूएल थांबून राहतो आणि मिनिटाला एकदा जागा झाली का बघतो. मधे तुम्ही कितीही एंटर दाबा. नेमकी तेव्हाच आई दारात.

"भाऊ, इस्तो इझी ऱ्हायना!" विस्तव विझत चालला होता.

"एक मिनिट, आई." हे मी पाऊण तासापासून म्हणत होतो, पण या खेपेला खरोखर एकच मिनिट होतं.

पानं उघडायला लागली. जनरल लॉग बंद केला, लॅपटॉप तसाच ठेवून उठलो. आईने वरची राख सारून फुंकर मारली, खालचा निखारा लाल झाला. तूप, सांजोरीचा तुकडा, वडिलांचं नाव. खिशात फोन थरथरला.

'साइट जरा स्लो वाटतेय का?' असा क्लायंटचा मेसेज होता. तो मी तिसऱ्या सांजोरीनंतर वाचला.