पद्मिनीचा उघडा पत्रा आणि ‘आवता अठवाडिये’

पेंटर गाडी प्रत्यक्ष आत घेत नाही तोवर जुना रंग उतरवू नका. जुन्या गाडीला हात घालणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो. आमच्या बडोद्यात तर जूनपासून पुढे हे दुप्पट लागू.

गाडी बाबांची, प्रीमियर पद्मिनी. फियाटच्या परवान्यावर मुंबईत कुर्ल्याला बनलेली, साध्या पोलादी पत्र्याची. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी आमच्या अंगणात आलं आणि गाडीच्या दारांपर्यंत चढलं. या गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसते, दारांखालच्या सिलवर, म्हणजे पत्र्याच्या पोकळ पट्टीवर, आणि फ्लोअरवर तिचा भार असतो. आणि पुराचा गाळ नेमका सिलमध्येच बसला. इंजिन, ब्रेक, वायरिंग ही कामं सुरळीत झाली, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. फ्लोअरचे आणि सिलचे सडलेले तुकडे कापून नवीन पत्रा लावण्याचं वेल्डिंगही माझ्या आतेभावाने छान केलं. तो मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) फॅब्रिकेशन करतो.

अडलं ते रंगाच्या दुकानात. दुकानाचं नाव देत नाही. मालकाने गाडी बघितली, तारीख दिली आणि सांगितलं, “बधो कलर काढी नाखो, पछी लावो.” म्हणजे सगळा रंग काढून टाका, मग आणा. त्या तारखेच्या भरवशावर आम्ही बॉनेट, छप्पर आणि दोन्ही बाजू ग्राइंडरने पत्र्यापर्यंत आणल्या. पत्रा चांदीसारखा चमकत होता. तारखेला फोन केला तर उत्तर आलं, “आवता अठवाडिये,” म्हणजे पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात तेच, त्यापुढच्याही आठवड्यात तेच. कारणं मात्र नवी: रंग सुकवायच्या भट्टीत विम्याची गाडी आहे, माणूस गावी गेलाय, पाऊस थांबू दे. त्यांच्यासाठी तो फक्त उशीर होता. माझ्या अंगणात मात्र उघडा पत्रा उभा होता आणि पाऊस सुरू झाला होता.

उघड्या पोलादाला पावसाचं पाणी लागावंच लागतं असं नाही. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की गंजाचा वेग वाढतो, आणि बडोद्यात जुलैच्या सकाळी माझ्या छोट्या मीटरवर ऐंशीच्या खाली आकडा क्वचितच दिसायचा. आधी हाताचे ठसे उमटले. घामातलं मीठ पत्र्यावर राहतं, त्यामुळे जिथे जिथे कुणी हात टेकला होता तिथे तिथे बोटांच्या आकाराचे तपकिरी डाग आले. म्हणून उघड्या पत्र्याला हातमोज्यांशिवाय हात लावू नका आणि बघायला आलेल्या पाहुण्यांनाही लावू देऊ नका. मग छपरावर नारिंगी भुकटीचा पातळ थर आला.

दुकानात जाऊन हे सांगितलं, तर सल्ला मिळाला, “रेड ऑक्साइड मारी दो.” या सल्ल्याचा राग अजून गेलेला नाही. डब्यातला साधा रेड ऑक्साइड सच्छिद्र असतो, दमट हवेत तो ओल आत जाऊ देतो. शिवाय वर दोन डब्यांचा, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारला की त्याच्या जहाल थिनरने खालचा रेड ऑक्साइड उचलला जातो, सुरकुत्या पडतात. म्हणजे तो मारायचा आणि पेंटिंगच्या आधी पुन्हा पूर्ण उतरवायचा, तेही माझ्या खर्चाने. दुसरा कुणी म्हणाला, इंजिन ऑइल चोळून ठेवा. ऑइल पत्र्यांच्या जोडात शिरतं, तिथून ते पूर्ण निघत नाही आणि प्रायमरला (रंगाआधीच्या थराला) माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. मी दोन्ही केलं नाही.

प्लॅस्टिकची ताडपत्रीही थेट गाडीवर टाकू नका. रात्री आतली वाफ पत्र्यावरच जमते. आम्ही ताडपत्री बांबूंवर उंच ताणली, बाजू मोकळ्या ठेवल्या आणि खाली पंखा चालू ठेवला. हवा हलती राहिली तरी बराच फरक पडतो.

शेवटी ठरवलं की त्या दुकानाची वाट बघायची नाही. इपॉक्सी प्रायमर आणला, दोन डब्यांचा, हार्डनरवाला. पूर्ण गाडी एकदम करायची नाही, एका दुपारी एकच भाग घ्यायचा: आज बॉनेट, उद्या डावं दार. नारिंगी थर वायर व्हीलने काढायचा आणि खड्ड्यांत अडकलेला गंज फॉस्फोरिक आम्लाच्या रिमूव्हरने. हे आम्ल गंजाचं फॉस्फेट करतं, पण ते पत्र्यावर वाळू द्यायचं नाही. ओलं असतानाच पाण्याने नीट धुवायचं आणि लगेच ब्लोअरने कोरडं करायचं. आम्ल मागे राहिलं तर वरचा इपॉक्सी धरत नाही, पापुद्रा सुटतो. मग ऐंशी नंबरचा घासायचा कागद आणि दोन कापडं: एक क्लीनरने भिजलेलं, दुसरं कोरडं. ओलं फिरवल्यावर ते आपोआप उडायची वाट बघू नका, कोरड्याने लगेच पुसा. नाहीतर तेल जागच्या जागी पसरतं. उडताना क्लीनर पत्रा गारही करतो, आणि गार पत्र्यावर दव धरतं.

दवाचं गणित आतेभावाने शिकवलं. हवेतल्या वाफेचं ज्या तापमानाला पाणी होतं तो दवबिंदू; पत्र्याचं तापमान त्यापेक्षा किमान तीन अंश वर असल्याशिवाय तो रंगाची गन हातात घेऊ देत नसे. एका ढगाळ दुपारी मी डबा उघडला, तर त्याने हातमोजा काढून बॉनेटवर उलटा हात टेकवला आणि म्हणाला, “दादा, पत्रा गार लागतोय. आज नको.” मी चरफडलो, पण डबा बंद केला. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि काम अर्ध्या दुपारी झालं.

कॉम्प्रेसरचं सांगायचं राहिलं. पावसाळ्यात टाकीत पाणी साठतं. रोज सुरू करण्याआधी खालची चावी उघडून ते काढा आणि गनच्या आधी वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा) लावा. हार्डनर मिसळल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, मग दोन हात मारा. दुसऱ्या हाताची मुदतही डब्यावरच असते. ती टळली तर आधी कागद मारावा लागतो. मास्क कार्बन फिल्टरचाच घ्या, कापडी रुमाल चालणार नाही.

खड्डे भरायची पुट्टी इपॉक्सीच्या वर. पॉलिस्टर पुट्टी ओल ओढते, त्यामुळे तिच्याखाली उघडा पत्रा राहिला की गंज आतून फुगून वर येतो. वेल्डिंगच्या जोडांमध्ये, जिथे दोन पत्रे एकमेकांवर बसतात, तिथे आतेभावाने आधीच जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्यावरून वेल्डिंग करता येतं असा) मारला होता. बाहेरून सीलंट नंतर, इपॉक्सीवर.

नवरात्रीत त्या दुकानाचा फोन आला, “गाडी लई आवो.” तोवर पूर्ण गाडी राखाडी झाली होती आणि मी ती रंगाला दुसऱ्या पेंटरकडे दिली होती. त्याने उजवं दार जरा खरवडून बघितलं. खाली पांढरा स्वच्छ पत्रा निघाला. “आ कोणे कर्यु?” त्याने विचारलं. आम्ही दोघांनी, असं सांगताना मला खूप बरं वाटलं.

रंग झाल्यावर सिलमध्ये आणि दारांच्या तळाशी कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत गंज रोखणारं मेण) लांब नळीने मारून घ्या. त्याआधी तळाची पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करा. बऱ्याच पेंटरांकडून ती पुट्टीने बुजतात.