काजळीनं बुजलेली नळी

मागच्या बुधवारी संध्याकाळी चाकणहून बेळगावला निघालेली एक सहाचाकी खंबाटकी कशीबशी चढून सुरूर फाट्यावर आमच्या गॅरेजला लागली. "मिस्त्री, दुसऱ्या गियरवर चढलीय. लोडच घेत नाही," ड्रायव्हरकाका उतरता उतरताच म्हणाले. डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटलेला. पुण्यात एकानं त्यांना थेट टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा, बदलायला सांगितलेलं, आणि शेठ पैशांच्या जुळवाजुळवीला लागलेले.

मी आधी स्कॅनर लावला. चावी चालू, इंजिन बंद. एक्झॉस्ट प्रेशर, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचा दाब, ९३ किलोपास्कल. आमच्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब साधारण तेवढाच असतो, म्हणजे इथवर ठीक. मग इंजिन चालू करून रेस दिली. आकडा जागचा हलेना! टर्बोची शिट्टी स्वच्छ ऐकू येत होती, मग दाब वाढायलाच हवा होता.

हा दाब मोजणारा सेन्सर थेट मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या पाइपावर, बसवत नाहीत, तिथल्या धगीत तो भाजून निघेल. मॅनिफोल्डपासून पेन्सिलीएवढी स्टीलची नळी काढतात आणि तिच्या टोकाला सेन्सर. ही नळी पुढं बंद असते, तिच्यातून धूर वाहत नाही, नुसता दाब पोचतो. त्यामुळे ओल आणि काजळी आत बसून राहते. नळी बुजली की ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, खरा दाब कळत नाही, ईजीआरचा (थोडा धूर परत इंजिनात सोडण्याचा) हिशेब चुकतो आणि ईसीएम डिझेल कमी करून टाकतं.

नळी सोडवायलाच अर्धा तास गेला, नट भाजून चिकटलेला. स्कूटरच्या ब्रेक केबलची तार आत घातली तर बोटभर जाऊन अडली. पिळत पिळत ओढल्यावर दगडी कोळशासारखे काळे चकचकीत तुकडे पडले. पण नळी साफ करून थांबलात तर काम अर्धंच झालं, कारण मॅनिफोल्डचं भोकही तितकंच बुजलेलं असतं. तिथं मशीन लावू नका. ड्रिल बिटाला ग्रीस फासून हातानं फिरवा, म्हणजे काजळी ग्रीसला चिकटून बाहेर येते, टर्बोत जात नाही.

गाडी उभीच होती म्हणून एक्झॉस्ट ब्रेकचा फ्लॅपही बघितला. हा टर्बोच्या पुढं पाइपात असतो. उतारावर बंद झाला की धूर कोंडतो, इंजिनच गाडीला मागं ओढतं आणि चाकांच्या ब्रेकचे लायनर थंड राहतात. माझे वडील याच घाटरस्त्यांवर गाडी चालवायचे, ते या ब्रेकला फार मानायचे. पण याचा दांडा गंजून अर्धवट अडकला की चढावरही धूर कोंडलेलाच राहतो, आणि दोष पुन्हा टर्बोच्या माथी. लिव्हर हातानं हलवून बघायला दोन मिनिटं लागतात. त्यावर इंजिन ऑइल मात्र सोडू नका, ते जळून उलट काजळीच धरते. बऱ्याच फ्लॅपच्या पात्याला एक बारीक भोक असतं. ते कंपनीनंच ठेवलेलं असतं, दाब हद्दीबाहेर जाऊ नये म्हणून. ते वेल्डिंगनं बुजवलेलं मी पाहिलंय आणि जीव कळवळला. या गाडीचा फ्लॅप मोकळा होता.

नळी बसवली, स्कॅनरनं फॉल्ट कोड काढला, रेस दिली. आकडा लगेच वर गेला आणि पाय काढताच खाली आला.

रात्री साडेदहाला काकांचा फोन. निपाणीजवळचा तवंदी घाट चढून गाडी चहाला थांबवली होती. "चौथ्यावर आली रे पोरा."