हलशीच्या 'अर्ली एंट्री'ला पैसे देऊ नका

आधीच सांगतो, हलशीच्या भूवराह नरसिंह देवळाला तिकीटच नाही. तरी आम्ही माणशी 350 रुपये जादा मोजले, का तर टूरच्या पॅकेजमध्ये लिहिलं होतं 'अर्ली एंट्री, गर्दीच्या आधी गाभारा दर्शन, सोबत गाईड'. आम्ही बेळगावचे, हलशी आपल्याच खानापूर तालुक्यातली, कधीही उठून जाता येतंय, आणि तरी फसलो.

पहाटे साडेचारला आरपीडी क्रॉसवरून टेम्पो ट्रॅव्हलर निघाली, खानापूरपर्यंत झोपेतच गेलो. नंदगड सोडल्यावर मात्र हाल झाले. अंधार, त्यात धुकं, एक खड्डा चुकवला की चाक दुसऱ्यात, मागच्या सीटवरच्या आमच्या काकूंचं डोकं दोनदा वर आदळलं, ड्रायव्हरला हळू चालव म्हटलं तर म्हणतो 'एंट्रीची वेळ चुकतीय'. या पट्ट्यात अंधारात गाडी घालू नका, स्वतःची असली तरी नको. परतताना तोच रस्ता, पण खड्डा दिसत होता म्हणून निम्मासुद्धा त्रास झाला नाही.

सहाच्या आत पोचलो. देवळात चिटपाखरू नाही, दोन्ही गाभाऱ्यांना कुलूप. गाईड फोन लावतोय, कुणी उचलत नाही. तासभर त्या गार फरशीवर बसून राहिलो. मग पुजारी काका आले, अंघोळ करून, ओल्या केसांनी, हातात किल्ल्या, आणि आम्हाला बघून म्हणाले, 'एवढ्या लवकर कशाला आलासा ओ?' त्यांना अर्ली एंट्रीतलं काहीच माहीत नव्हतं, कुणी एक रुपया दिलेला नव्हता. त्यांच्या गाभाऱ्याच्या नावावर आमच्याकडून पैसे घेतले याचा राग अजून जात नाही.

पण दार उघडलं आणि खरं सांगतो, मी गप्पच झालो. देऊळ गोव्याच्या कदंब राजांचं, 12व्या शतकातलं, दोन गाभारे समोरासमोर, एकात भूवराह, दुसऱ्यात बसलेला नारायण आणि नरसिंह. काकांनी पाणी घातलं तसा राखाडी दिसणारा दगड काळाभोर झाला, वराहाच्या मुखावरून पाणी ओघळत होतं आणि समईचा उजेड त्या प्रत्येक थेंबात. एवढ्यासाठी परत जाईन, पण सकाळी आठनंतर आणि आपल्या गाडीनं.

गाईड साफ बेकार. नवसाच्या गोष्टी सांगितल्या, कदंबांचं नावसुद्धा घेतलं नाही. हलशी म्हणजे जुनी पलाशिका, बनवासीच्या सुरुवातीच्या कदंबांचं मोठं ठाणं, इथं सापडलेल्या ताम्रपटांत जैनांना दिलेली दानं आहेत, एवढं घरून वाचून गेलात तरी गाईड लागत नाही.

पुढं बिडीवरून कित्तूरजवळचं देगाव, कमलनारायण देऊळ, 1174 साली कदंबांच्या कमलादेवी राणीनं बांधलेलं. खांब आरशासारखे गुळगुळीत, हात फिरवून बघा. संध्याकाळी बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती, म्हणजे जैन देऊळ, 1204 ची, रट्ट घराण्याच्या कार्तवीर्य राजाचा मंत्री बिचिराज यानं बांधलेली. मंडपात मध्ये उभं राहून मान वर करा, छतातून खाली आलेलं दगडी कमळ आहे, 72 पाकळ्या. या दोन्ही ठिकाणी काही त्रास नाही.

तर जाणाऱ्यांनी सातला निघा, नाश्ता खानापुरात उरकून घ्या, पुढं भरवसा नाही. टॉर्च पाहिजेच, गाभाऱ्याच्या आत अंधार असतो, पण मूर्तीवर मारायच्या आधी पुजाऱ्यांना विचारा. पूजा कधी असते ते गावातच कुणालाही विचारलं तरी सांगतात. पायात सहज निघणारी चप्पल असू दे. आणि ते 350 वाचतील ना, त्यातले शंभर पुजारी काकांच्या ताटात ठेवा, दार तेच उघडतात.